इंदूरहून इंदूर बघायला

प्रिय काका,

आधी कबूल करून टाकतो, मग तुम्हाला काय चिडायचं ते चिडा. तुम्हाला जाऊन अजून महिना नाही झाला, नि मी तुमच्या नावावर स्टेशनसमोरच्या धर्मशाळेत खोली घेतली. तिथल्या रजिस्टरमध्ये तुम्ही जिवंत आहात. अकोल्याचे आहात. नि सामान घेऊन मागून येऊन राहिलेत.

थांबा, थांबा! वरून काही फेकून मारू नका. पूर्ण ऐका तरी.

उद्या तुमचं पहिलं मासिक श्राद्ध. सगळे फोटोपुढे हात जोडून उभे राहतील, मी पण. नि त्या फोटोत तुम्ही असे बघता, जसे मिलच्या गेटवर लेट आलेल्या माणसाकडे बघायचे. त्या नजरेपुढे मनात एवढं ठेवून उभं राहायची माझी हिंमत नाही. म्हणून आजच लिहितो. शुद्धलेखन बघू नका. बारावीत दोनदा गचकलेल्या पुतण्याकडून एवढंच मिळेल.

आणि सही सांगू? ह्यात अर्धी चूक तुमची आहे. उरलेली कावळ्याची.

दहाव्याला तुमचा कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. घाटावर सगळे उन्हात उभे. पप्पा पुढे होऊन बोलले, "घरच्यांची काळजी करू नको रे, मी आहे." कावळा खांबावरून हलला नाही. मग तुमच्या मिलमधले एक जण हात जोडून बोलले, "टाइमबाबू, मिलकडे अडकलेला तुमचा हिशेब आम्ही भांडून मिळवून देऊ." ते ऐकून कावळा आणखी लांबच्या खांबावर जाऊन बसला! त्याचा पण विश्वास नव्हता. भटजी बोलले, काहीतरी इच्छा राहिलेली दिसते. मी मागे उभा होतो. मनातल्या मनात बोललो, "काका, मंजीला मी फिरवून आणतो. जसं तुम्ही ठरवलं होतं, तस्सं." बस्स! कावळा असा झपकन आला की भटजींची टोपी पडली.

आता सांगा, मी काय करणार होतो?

मंजीचं तुम्हाला काय सांगायचं, तुमचीच मुलगी. तीन उन्हाळे मुंबई-मुंबई करत होती. पहिल्या वर्षी तुम्ही बोललात, बोनस मिळू दे. तर मिल अर्धीच चालू. पुढच्या वर्षी गेटला कुलूप. नि मग, हिशेब मिळू दे. ओट्यावर बसून तुम्हीच मला विचारायचे ना, "सुन्या, टीव्हीवर सांगून राहिले की देशाचे दरवाजे उघडले. मग आमचंच गेट बंद कसं रे झालं?" मला काय पता! मी तेव्हा समोरच्याच्या सायकलची हवा सोडण्यात बिझी.

नि मग तुमची ती झकास आयडिया! मुंबई नाही तर नाही, इंदूर तर आहे. पण बाहेरगावच्या माणसासारखं बघायचं. काय एकेक नियम होते तुमचे, काका! घरून सरळ निघायचं नाही. आधी स्टेशनात जायचं, नि गाडीतून उतरलेल्या गर्दीत मिसळून बाहेर यायचं. ओळखीचा कोणी दिसला की मान वळवायची. पोहे आपल्या कोपऱ्यावरचे खायचे नाहीत, दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन खायचे नि वर म्हणायचं, "वा, इथले पोहे म्हणजे!" रस्ता माहीत असला तरी विचारायचा. रात्री घरी यायचं नाही, स्टेशनसमोरच्या धर्मशाळेत उतरायचं. एकेक रस्ता आधी स्वतः चालून बघून सगळी ट्रिप तुम्ही पाळ्यांमध्ये बसवली होती. पहिली पाळी कांच मंदिर, दुसरी पाळी राजवाडा नि राजघराण्याच्या समाधीच्या छत्र्या. मी विचारलं, "काका, फिरायला चाललो की ड्युटीवर?" तर बोललात, "खिशात पैसा कमी असला की टाइम नीट वापरावा लागतो, गाढवा."

मंजीनं दाराआडून ऐकलं, तिथेच सगळा लफडा झाला. पंधरा वर्षांची पोरगी, सगळ्या मैत्रिणींना सांगून बसलेली की समुद्र बघणार. "इंदूरमध्ये राहून इंदूर बघायचं? बाबा, तुमचा शब्द म्हणजे बंद मिलचा भोंगा आहे. कधी वाजतच नाही!" नि तिनं तुमच्याशी बोलणं सोडलं.

काका, चार दिवसांत आली असती ना ती वळणावर. तुम्हाला एवढी काय घाई होती? जन्मभर दुसऱ्यांच्या लेट येण्यावर ओरडलात, नि स्वतः पाळी संपायच्या आधी निघून गेलात! ना ताप, ना खोकला. दाढी करता करता. अर्ध्या गालाला साबण तसाच. हे काय वागणं झालं?

तेव्हापासून मंजी तुमच्या फोटोकडे बघत नव्हती. काकू बोलली दिवा लाव, तर म्हणाली, "खोटारड्या माणसापुढे मी नाही लावत." रडली पण नाही. येणारे-जाणारे बोलायचे, पोरगी दगड आहे. मला माहीत होतं दगड-बिगड काही नाही. पण मला कोण विचारतो?

तर परवा काकूला सांगितलं की मंजीला महूला मावशीकडे नेतो, जरा मन रमेल. प्लॅटफॉर्मचं तिकीट काढून आम्ही आत गेलो. मंजी विचारते, "महूची गाडी कुठली?" मी खरं सांगून टाकलं.

"तू पागल झालास, सुन्यादादा."

"हओ. पण काकांनी ठरवलं होतं."

"मग मी नाही येत."

"नको येऊ. घरी जाऊन काकूला सांग, सुन्यादादानं मला स्टेशनवर हरवलं."

आली. तोंड फुगवून, पण आली.

धर्मशाळेत गादीवर मुनीम बसलेला. कानात अत्तराचा फाया नि डोक्यावर बोर्ड: स्थानीय लोगों को कमरा नहीं दिया जाएगा. हे तुम्ही सांगितलंच नव्हतं! त्यानं मला बघितलं, मंजीला बघितलं, चश्मा नाकावर घेतला.

"कहां से?"

"अकोला."

"साथ में बड़ा कौन है? अकेले बच्चों को कमरा नहीं मिलता."

आईची शपथ, काका, माझ्या डोक्यात काही नव्हतं. तोंडानं आपोआप बोलून टाकलं, "हैं ना, चाचाजी. इसके पिताजी. सामान छुड़वाके पीछे आ रहे हैं." नि तुमचं नाव सांगितलं, आजोबांच्या नावासकट. "काम क्या करते हैं?" "मिल में टाइमकीपर." त्यानं सगळं लिहून घेतलं. मंजीनं दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

खोलीत आल्याबरोबर सुरू. "लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाच्या नावावर?"

"खोली कुणाच्या नावानं मिळाली? तुझ्या बाबांच्या. मग शेवटी त्यांनीच नेलं की नाही तुला फिरायला?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. पण चपला काढल्या नाहीत. मी समजलो, ही येणार.

पहिली पाळी, कांच मंदिर. भिंतींवर आरसे, खांबांवर आरसे, छताला आरसे. जिकडे बघावं तिकडे मंजीचं फुगलेलं तोंड. मी बोललो, "मंजी, एक होतं ते काय कमी होतं?" तिनं ओठ दाबून धरले. छतातल्या मंज्यांनी पण दाबले. हसली नाही हो, पण मेहनत दिसली.

मग तुमचा नियम. राजवाड्याच्या अगदी समोर उभं राहून मी एका पानवाल्याला विचारलं, "भिया, राजवाडा किधर पड़ेगा?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग राजवाड्याकडे, मग परत माझ्याकडे.

"कहां के हो भिया?"

"अकोला."

"तभी."

अकोलेकरांची माफी मागतो. पण नियम तुमचा होता.

छत्र्यांवर तर कमालच झाली. तिथला एक शेंगदाणेवाला मागे लागला, हिस्ट्री सांगायला. "बाबूजी, इसके नीचे सुरंग है. सीधी महू तक. रानी साहब के हाथी जाते थे." काका, तो भुयाराचा किस्सा माझा आहे! आठवीत शाळा बुडवून तिथे बसायचो, तेव्हा आल्यागेल्याला मीच सांगायचो. हाथी माझे नव्हते, हाथी ह्यानं घातले. मी बोललो, "सुरंग-विरंग झूठ है." तर तो मलाच तापला, "भिया, पुराने लोग बोलके गए हैं. तुम कल के अकोले वाले हमको सिखाओगे?"

आता मात्र मंजी खाली बसून हसली. पोट धरून. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

पण दुपारी परत आलो, तर मुनीम दारातच. "बाबूजी आए नहीं?" ती पुन्हा बंद. मुनीम बोलला, "बाजू में एसटीडी है, फोन लगा लो." मी बोललो, "जहां हैं, वहां अभी लाइन नहीं पहुंची." तो मान हलवत राहिला, सरकारला शिव्या देत.

संध्याकाळी बघतो तर खोलीत तीन गाद्या टाकलेल्या. तिसरीवर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा लोटा. "थके हुए आएंगे," मुनीम बोलला. मग घड्याळ बघितलं नि त्याचं डोकं फिरलं. "स्टेशन तो सामने है. सामान छुड़ाने में पूरा दिन लगता है? कैसे बाप हैं! बच्चों को बोल दिया आता हूं, और गायब. जबान का कोई ठिकाना ही नहीं."

काका, जे मंजी महिनाभर घरात बोलत होती, तेच तो बोलला. मला वाटलं ती मान हलवेल.

"ओ मुनीमजी!" अशी उठली की लोटा कलंडला. "मेरे बाबा को कुछ नहीं बोलना! मेरे बाबा एक मिनट लेट नहीं होते. पूरी मिल उनको देखके घड़ी मिलाती है. इसके पप्पा सगे भाई हैं, लेट आए तो उनको भी गेट के बाहर खड़ा रखा! जबान का ठिकाना नहीं? पैसे नहीं थे तो भी घुमाने का सोचा. एक-एक रस्ता चलके देखा मेरे लिए. आपने देखा है कभी किसी के लिए?"

मुनीम मागे सरकत सरकत दाराला टेकला. "अरे, मैं तो... फिर आज कहां अटक गए?"

मी तोंड उघडलं, पण आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं सुचेना.

"मेरी वजह से," मंजी बोलली. "मैंने उनसे बात करना छोड़ दिया था. नाराज होके..."

मुनीमनं चश्मा काढला. "अरे बेटी, बाप कोई नाराज होते हैं? मेरी तीन हैं घर में. रोज एक बोलना छोड़ती है, मैं तो गिनता भी नहीं. तेरे बाबा उसी शाम भूल गए होंगे."

त्याला काय माहीत, काका, त्यानं काय सांगितलं ते! मंजी तुमच्या गादीवर बसली नि अशी रडली, अशी रडली की वरच्या मजल्यावरचे यात्रेकरू खाली धावले. एक म्हातारी विचारते, "क्या हुआ? कोई गुजर गया क्या?" मुनीम घाबरून बोलला, "नहीं माताजी, शुभ-शुभ बोलो. इसके पिताजी जरा लेट हैं."

मला रडू की हसू समजेना. मी बाहेर जाऊन कचोऱ्या आणल्या. तीन गाद्यांच्या हिशेबानं आणल्या होत्या. तुमची पण तिनंच खाल्ली.

सकाळी निघताना मुनीमला काळजी. "बाबूजी आएंगे तो मैं क्या बोलूं?"

मी काहीतरी गंडवणार होतो, तेवढ्यात मंजीच बोलली, "बोलना, मंजी ने इंदूर देख लिया. अच्छा है. और वो नाराज नहीं है."

तो निरोप आता तुमच्या नावानं तिथे पडून आहे. तुम्ही तिकडे जाणार नाही, म्हणून मी इथे पोचवला.

आज सकाळी दिवा तिनंच लावला. खूप वेळ उभी होती फोटोपुढे. काकू चकित! मला बाजूला घेऊन बोलते, "महूची हवा मानवली रे हिला."

तर काका, एक वचन देतो. मंजीला रागवायला हक्काचं माणूस लागतं. तोंड फुगवायला, बोलणं सोडायला, मग परत बोलायला. ती नोकरी आजपासून मी धरली. पगार नाही, सुट्टी नाही, चिमटे आहेत. पण ही मिल मी बंद पडू देणार नाही. तिनं कितीही दिवस बोलणं सोडलं, तरी मी जागेवर सापडेन.

आता हात जोडून एकच मागणं. कोणाला सांगू नका हो! महूची मावशी कधी आली तर तिला मी सांभाळून घेईन. आजोबा तिकडे भेटले तर त्यांना बिलकुल नको, त्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि मुख्य म्हणजे काकूच्या स्वप्नात येऊ नका. यायचंच असेल तर या, तिला पण बरं वाटेल. पण आलात तर मिलचं बोला, भाजीचं बोला, पाहिजे तर पप्पांना शिव्या घाला. धर्मशाळेचा "ध" पण नको! तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ती एका मिनिटात काढून घेईल. त्यापेक्षा गप्पच राहा. नुसते हसा नि जा. प्लीज, काका!

तुमचाच,
सुन्या