एकशे त्रेसष्ट कोकरं

प्रिय कर्स्टी,

फेब्रुवारीत तू सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेला गेलीस, त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहावंसं वाटलं नाही. जनावरांची डॉक्टर व्हायचं खूळ पहिल्या परीक्षेतच उतरेल अशी माझी खात्री होती. ते काही उतरलं नाही. तेविसाव्या वर्षी शाळेतून नुकत्याच सुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून रसायनशास्त्र घोकते आहेस, असं तुझी आई सगळ्या खोऱ्याला सांगत फिरते. मला कोणी विचारलं तर मी विषय बदलतो.

इकडे जूनची कडाक्याची थंडी सुरू झाली आहे. सकाळी हौदावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडावा लागतो. आपली कुत्री मेग मागच्या पायाने लंगडते, तरी मेंढ्या दिसल्या की धावतेच. तिला डॉक्टरकडे नेणार नाही. या जमातीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. गाय अडली म्हणून बोलवावं, तर दोन तासांनी उगवतात, खांद्यापर्यंत हात घालून मेलेलं वासरू बाहेर काढतात आणि बूट धुताधुता आपल्यालाच सुनावतात, "जरा आधी बोलवायचं ना, डगल." त्यात ती नायरी सगळ्यांच्या वरताण. तू नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या गाडीत बसून गावभर हिंडायचीस आणि घरी आलीस की जेवताना मेंढीच्या आतड्यांवर बोलायचीस. पाद्रीबुवा जेवायला आले होते त्या रविवारीसुद्धा तुझं तोंड बंद झालं नाही. त्यांनी मटणाचं ताट हळूच बाजूला सारलं, आणि तू त्यांनाच विचारलंस, "तुम्हाला जंत झालेत का?" आई हसली. मी हसलो नाही. शेत सोडून जायची भाषा या घरात त्या बाईनेच आणली, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

मग तो डिसेंबर. तू सतरा वर्षांची होतीस आणि कॉलेजचा अर्ज भरून टेबलावर ठेवला होतास. कोकरं आयांपासून तोडायचा दिवस होता. सकाळी मी लस टोचली, दुपारी तू पिचकारीने जंताचं औषध पाजलंस. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंपणाला लागून कोकरं आडवी पडली होती, तोंडाला फेस, काहींचा श्वास अजून चालू. तू त्यांच्यात गुडघ्यांवर बसून एकेकाचं डोकं वर धरत होतीस. लोकर कापायला आलेली चौघं माणसं कुंपणाशी उभी होती. त्यांच्यासमोर मी तुला म्हणालो, "पिचकारीचं माप न बघता पाजलंस ना? दुप्पट गेलंय. आणि म्हणे डॉक्टर होणार. आधी मोजायला शीक." तू म्हणालीस, "बघितलं होतं, डॅड." मी नुसता तुझ्याकडे बघत राहिलो. मग तू खाली बघून म्हणालीस, "बहुतेक बघितलं होतं."

खड्डा आपण दोघांनी भरला. एकशे त्रेसष्ट. तू प्रत्येक कोकरू मोजलंस. संध्याकाळी टेबलावर तो अर्ज नव्हता, आणि आठवड्याभरात तू इन्व्हरकार्गिलला कत्तलखान्यात कामाला लागलीस. पाच वर्षं तू तिथे सुरी चालवलीस. नाताळला घरी आलीस की कोकरांकडे जायची नाहीस, स्वयंपाकघरातच बसायचीस. गावात लोक मला विचारायचे, "काय डगल, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कधी उघडतोय?" आणि मी त्यांच्याबरोबर हसायचो. तू जवळ उभी असलीस तरी हसायचो.

मी नायरीशी संबंध का तोडले, हे तू कधी विचारलं नाहीस. आईला मी सांगितलं होतं की ती बाई तोंडाळ आहे. तशी ती आहेच. कोकरं मेली त्या दिवशी तिने येऊन त्यातली तीन उघडली होती आणि त्यांची काळजं तपासायला पाठवली होती. दहा दिवसांनी ती तपासणीचा कागद घेऊन फाटकाशी आली. मी तिला आत घेतलं नाही. ती म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही, ते तुझं काम आहे. पण पोरीला सांग, डगल. आजच्या आज सांग." मी म्हणालो, माझ्या घरात मला शिकवू नकोस. तेव्हापासून गाय अडली की साठ किलोमीटरवरचा माणूस बोलावतो. तो तिच्याहून उशिरा येतो आणि तिच्याहून वाईट काम करतो.

आपल्या मातीत सेलेनियम नाही, हे तुला मी काय सांगू. ते पोटात गेलं नाही तर कोकरांचे पाय ताठरतात, म्हणून इथे प्रत्येकजण ते लशीतून देतो नाहीतर जंताच्या औषधातून. दोन्हीतून एकाच दिवशी देत नाहीत, ते विष होतं. तुझ्या औषधात ते होतं, डब्यावर तसं लिहिलेलं होतं आणि तुझं माप बरोबर होतं. लस मी आणली होती. दुकानात साधी संपली होती, म्हणून सेलेनियमची उचलली. दुकानदाराने विचारलं, "जंताचं औषध साधंच आहे ना?" मी हो म्हणालो. नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. आपल्या जमिनीत ते इतकं कमी आहे, थोडं जास्त गेलं तर बिघडतंय कुठे, असं मनात म्हणून मी सकाळी सगळी कोकरं टोचली आणि दुपारी तुला काही न सांगता तुझ्या हातात पिचकारी दिली.

रविवारी आईने तुझा निबंध मला वाचून दाखवला, डॉक्टरकीच्या पुढच्या वर्गात निवड व्हावी म्हणून लिहिलेला, जनावरांची डॉक्टर का व्हायचंय तो. त्यात लिहिलं आहेस की तुझ्या निष्काळजीपणाने एकशे त्रेसष्ट कोकरं मेली आणि ती चूक भरून काढायला तुला शिकायचंय. मंगळवारी मुलाखतीत तू निवड करणाऱ्या लोकांसमोर बसून हेच सांगणार आहेस. फोन केला असता, पण तू मध्येच काही बोललीस तर मी पुन्हा खोटं बोलेन, म्हणून हे पत्र, आणि सोबत नायरीचा कागद. माफी मागत नाही. ती मागायची वेळ सहा वर्षांपूर्वी होती. तू शेत सोडू नयेस असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं, आणि डॉक्टर झालीस तरी माझ्या फाटकात तुझं कौतुक होणार नाही. पण तो निबंध बदल. त्यांनी विचारलं तर सांग की नऊ वर्षांची होते तेव्हापासून मला हेच करायचं होतं. कोकरांचं कोणी काढलंच तर सांग, ती माझ्या बापाने मारली.

तुझाच,
डगल