झीज की हलका ठसा

नाणे कडेने धरून मी त्यावरची अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुरे. शुद्धीवर आहात. लिहा." सबब हे मृत्युपत्र मी समजून उमजून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शेजारी खालच्या मजल्यावरचा शिंपी बसला आहे. तो साक्षीदार आहे, दडपण नाही.

राहते घर भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. समोरच्या खिडकीला तिने जाड पडदे लावू नयेत. बँकेत जे असेल ते औषधपाण्यातून उरल्यास तिलाच.

मी परगावी असताना वहिनीने माझी चांदीची नाणी राखेने घासून लख्ख केली. ती तिलाच द्यावीत. हेतूची प्रत अतिउत्तम. ठसे पुसून नाणी आता नुसत्या चकत्या आहेत.

भाच्याला भिंग. "आत्या, यात चांदी किती?" याखेरीज त्याने मला कधी काही विचारलेले नाही. भिंगातून एखादा दुसरा प्रश्न दिसला तर पाहावा.

उरले तांब्याचे नाणे. त्यावरच्या राजाला नाक नाही. नाणेसंग्राहकांच्या बैठकीत दादाने त्याची प्रत ठरवली, "झिजलेले." मी म्हटले, झिजलेले नाही, पाडतानाच ठसा हलका बसला आहे, नाक कधी उमटलेच नाही. झिजल्या जागी मूळची चमक राहत नाही, इथे ती आहे. दादा म्हणाला, "अगं, तुझं नाक वर आहे तेवढं दोघांना पुरेल." सगळे हसले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. बहीणभाऊ म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू, असे लोक म्हणतात. जाणकार दोन्ही बाजूंची प्रत वेगळी लावतात.

हे नाणे दादाला. अट एकच. नेण्यापूर्वी त्याने ते याच खिडकीपाशी तिरपे धरून पाहावे आणि काय ते मोठ्याने सांगावे.

इथे डॉक्टर म्हणाले, "हे सगळं तुमच्या मागे होणार. ते काय म्हणाले, तुम्हाला कळणार कसं?"

मुद्दा रास्त आहे. म्हणून शेवटचे कलम. शिंप्याला 'कुणाला सांगू नकोस' म्हटले की संध्याकाळपर्यंत गल्लीला ठाऊक असते. यातले एक अक्षरही दादाच्या कानावर घालू नये, असे मी त्याला दोनदा बजावले आहे.

"ताई, माझ्या पोटात राहतं सगळं," शिंपी म्हणाला. हे कलम त्याने वाचलेले नाही; चष्मा दुकानात राहिला, आणि मी वाचून दाखवली ती फक्त वरची कलमे.

साक्षीदार: डॉक्टर, सही. शिंपी, सही; करून लगेच निघाला.
लिहून देणार: मी, सही.
स्थळ: समोरची खोली. तारीख डॉक्टरांनी घातली आहे.

पुरवणी: दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. नाणे उन्हात तिरपे धरून त्याने बराच वेळ पाहिले. "झिजलेलंच आहे," म्हणाला. मी म्हटले, नाही. दुपारपर्यंत तेच चालले. मग तो जेवला. उद्या स्वतःचे भिंग घेऊन येतो म्हणाला. कलमांत बदल नाही.