धाकटीची बॅग

शुक्रवार, संध्याकाळ. भवानी पेठ.

रविवारी थोरलीला, करुणाला, बघायला पाहुणे येणार. सकाळीच हे म्हणाले, "एस्तेरला दोन दिवस आत्याकडं नातेपुत्याला धाडू. धाकटी लई उजळ हाय, लोक तिच्याकडंच बघत बसत्यात. तिची बॅग भरून ठेव." मी हो म्हणाले. लगेच हो म्हटलं, त्याचाच स्वतःवर राग येतोय.

आणि नेमकी आज घरच्या प्रार्थनेत चर्चच्या पाळकांनी बायबलातली याकोबाची गोष्ट घेतली. धाकट्या, देखण्या राहेलीसाठी तो सात वर्षं राबला, लग्नाच्या रात्री सासऱ्यानं, लाबानानं, थोरली लेआ पुढं केली, तरी राहेलीसाठी पुन्हा सात वर्षं राबला. केवढं प्रेम, केवढा धीर, पाळक म्हणाले. आणि लेआ? त्या अंधारात तिला काय वाटलं असेल? कुणी विचारलं नाही. मीही नाही. करुणा माझ्या शेजारीच बसली होती.

लाबानानं एकीला पुढं केलं, आम्ही दुसरीला लपवतोय. फरक काय?

पाळक गेल्यावर मी बॅग भरायला आत गेले. एस्तेरला काय सांगायचं, तेच डोक्यात. बॅग दाराशी भरून तयार होती, कपड्यांच्या नीट घड्या घालून.

"तू भरलीस?"

एस्तेर रडत होती. "ताईनं भरली. सकाळीच."