सवयींच्या वहीतल्या सह्या खऱ्या असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
माध्यमिक शाळा यांचे कार्यालय

विषय : वहीवरील 'सह्या बनावट' हा शेरा रद्द करून वही परत मिळण्याबाबत.
संदर्भ : वर्गशिक्षिकांनी वहीच्या चाळिसाव्या पानावर लिहिलेला शेरा.

महोदया,

मी नववी 'ब' मधील हजेरी क्रमांक सत्तावीसच्या मुलीचा बाप. नळदुरुस्तीची कामे करतो. आमच्या घरातले सगळे अर्ज मुलीची आई लिहीत असे. तिला जाऊन पाच महिने झाले, म्हणून हा मी लिहीत आहे. मांडणीत काही चुकल्यास पदरात घ्यावे.

१. आपल्या शाळेत प्रत्येक मुलाला सवयींची वही असते. दर आठवड्याला एक पान, अशी चाळीस पाने. वेळेवर उठणे, अंथरूण आवरणे, वाचन, घरकामात मदत, वेळेवर झोपणे, या रकान्यांत मुलाने 'हो' किंवा 'नाही' लिहायचे आणि खाली पालकाने सही करायची. त्यावरून वर्षअखेरच्या समारंभात चांगल्या सवयींचे बक्षीस देतात. माझ्या मुलीचे नाव यादीत होते. मागच्या आठवड्यात सोमवारी ते काढले. तिची आई एकोणिसाव्या आठवड्यात वारली आणि आईच्या सह्या मात्र शेवटच्या पानापर्यंत आहेत. बाईंनी मला बोलावून वही दाखवली आणि ठेवून घेतली.

२. यात बाईंचे चुकले असे मी म्हणत नाही. मेलेले माणूस सही करत नाही हे कोणालाही कळते. त्यांनी विचारले तेव्हा मुलगी गप्प राहिली. घरी मी विचारले तेव्हाही गप्प. मग मी तिला नको ते बोललो. "आईच्या नावाला काळं फासलंस," असे म्हणालो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा डबा मात्र भरून ठेवत होती.

३. बुधवारी संध्याकाळी तिने सांगितले. आई दवाखान्यात असताना तिने वही मागवून घेतली आणि एका दुपारी उरलेल्या सगळ्या पानांवर सह्या करून टाकल्या. मुलगी म्हणाली, "अगं आई, पुढच्या पानांचं आजच कशाला?" तर म्हणाली, "तुझ्या बाबांची सही म्हणजे वाकलेला पाइप. बाईंना वाटेल वहीला गळती लागली." आणि वर बजावले, "त्यांना सांगू नकोस हं. मी घरी येणार म्हणून ते न्हाणीत नळ बसवताहेत. बसवू दे त्यांना."

मी खरेच बसवत होतो. तिचा हात वर जात नव्हता, म्हणून नळ तिच्या कमरेच्या उंचीला घेतला होता. मुलीने आईला शब्द दिला होता. तो तिने बुधवारपर्यंत पाळला. बाईंसमोर पाळला आणि माझ्यासमोरही पाळला.

४. पुराव्यादाखल कळवतो की दवाखान्यात शेजारच्या खाटेवर टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एक आजीबाई होत्या. रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांचे पत्र सोबत जोडले आहे. वही खालून त्यांनीच धरली होती. त्या लिहितात की तिसाव्या पानानंतर मुलीची आई फार दमली, तरी "आज मी मोठी साहेबीण, फाइलींवर फाइली उडवतेय" असे म्हणून हसत होती. आपणही पाहावे. विसाव्या पानावर पूर्ण नाव आहे. छत्तिसाव्यावर एक अक्षर आणि पुढे नुसती रेघ. खोट्या सह्या करणारा सगळ्या सारख्या काढतो.

५. आणखी एक गोष्ट पाहावी. सही झालेली कोरी पाने हातात असताना कोणीही सगळीकडे 'हो' लिहिले असते. एकोणिसाव्या पानावर सातही दिवस 'नाही' आहे. पुढे अकरा आठवडे 'वेळेवर झोपणे' समोर 'नाही' आहे. मला हे माहीत नव्हते. एका घरात राहून मी ती झोपली असेच समजत होतो.

६. पान भरल्यावरच पालकाने सही करावी, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर छापला आहे. तो मुलीच्या आईने मोडला, हे कबूल. तिच्यावर कारवाई करता येणार नाही. ती माझ्यावर करावी. बक्षीस दुसऱ्या कोणाला दिलेत तरी आमची हरकत नाही.

७. पटांगणातला तिसरा नळ गळतो आहे. शुक्रवारी येऊन दुरुस्त करीन. त्याचा या अर्जाशी संबंध नाही. अर्ज नामंजूर झाला तरी करीन.

८. शिपाईदादांकडून कळले की समारंभ झाला की सगळ्या वह्या रद्दीत जातात. समारंभ शनिवारी आहे. कृपा करून ही वही जाऊ देऊ नये. शेरा खोडून ती त्याआधी मुलीच्या हाती द्यावी. एकोणचाळीस आणि चाळीस ही दोन पाने अजून भरायची राहिली आहेत. आईने खाली सही केली आहे, तेव्हा ती खरी खरी भरलीच पाहिजेत, असे मुलीचे म्हणणे आहे. मलाही ते पटते.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

(सही)
हजेरी क्रमांक २७ चे वडील
दिनांक : २३ मार्च, सोमवार

सोबत : १) आजीबाईंचे पत्र. २) मुलीच्या आईची सही असलेली जुनी पावती, ताडून पाहण्यासाठी. ही पावती परत मिळावी.