गाठीचं पाणी

॥ श्री ॥
राजारामपुरी, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. ऐश्वर्यास,
बाहुबलीमामाचा अ. उ. आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

तुझ्या आईचे टाके सुकले. आतड्यातली गाठ डॉक्टरांनी पुरती काढली आहे. पण शेजारी रोगाचा थोडा अंश सापडला, म्हणून आता सहा महिने केमोच्या गोळ्या आणि मधून सलाईन. दवाखाना इथून चालत जाण्याजोगा, म्हणून आक्काला गावी पाठवली नाही. माझ्याकडंच राहील.

अंग मऊ पडलं तरी जिभेची धार तशीच आहे. नर्सनं बाटलीतलं पाणी पुढं केलं, तर गाळलंय का, न्हाय तर तूच पी, असं तिच्या तोंडावर म्हणाली. घरी पाणी स्वतः गाळते. फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते उलटं धुऊन पाणी मागच्या आडात सोडायला मला पिटाळते. पन्नाशीला टेकलेला भाऊ अजून तिचा गडीच आहे.

फोनवर तिला ऐकू येत नाही, हे तू जाणतेस. पत्र मी मोठ्यानं वाचतो आणि ती दोनदा ऐकते. सध्या तिची एकच तक्रार आहे. लेक पुण्यात ह्याच रोगावर संशोधन करते, पण काय करते ते आईला ठाऊक न्हाय. तेव्हा तिला समजेल असं लिही. तू तिच्यासाठीच काही शोधते आहेस, असं ती धरून बसली आहे.

ठिबकच्या दुकानात उन्हाळ्याची गर्दी सुरू झाली. आमची आठवण ठेवतेसच, ती कागदावर उतरवत जा.
तुझा मामा,
बाहुबली


पुणे
१ मार्च २०२४

ती. मामांस,
ऐश्वर्याचा सा. न. वि. वि.

हे आईला वाचून दाखवा. आई, आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला पडद्यासारखी पातळ भिंत असते. त्या भिंतीत प्रथिनांची बनलेली, फक्त पाणी आतबाहेर करणारी इवलीशी दारं असतात. आतड्याच्या कर्करोगाच्या काही गाठींत ही दारं नेहमीपेक्षा जास्त सापडतात. आम्ही काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घेतो आणि असा रंग लावतो की दारं असतील तिथं तपकिरी दिसावं. मग जुन्या रोग्यांचं पुढं काय झालं ते ताडून पाहतो. गडद रंगाच्या गाठी असलेल्यांचा आजार परत येण्याचा संभव जास्त दिसतो. पण सगळ्यांचे अभ्यास एकच सांगत नाहीत, आणि यावरून कुणा एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. कधीतरी सांगता येईल, एवढीच आशा.

म्हणजे मी औषध शोधत नाही, आई. ऑपरेशन झाल्यावर कुणाला जास्त जपावं लागेल, ते आधी कळावं एवढंच.

मामा, या महिनाअखेर एका परिषदेसाठी मला दिल्लीला जायचं आहे. आल्यावर येतेच. तिच्याशी भांडू नका, तुम्ही नेहमी हरता.
तुमच्या मायेची हक्कदार,
ऐश्वर्या


राजारामपुरी, कोल्हापूर
२० मार्च २०२४

चि. ऐश्वर्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आक्कानं इतक्यांदा वाचून घेतलं की मला पाठ झालं. शेजारच्या दीपावहिनींना बोलावून त्यांनाही ऐकवलं. दारं म्हणजे नेमकं काय ते तिला उमगेना, तेव्हा मी दुकानातला, नळीचं पाणी चालू-बंद करायचा कॉक आणून दाखवला. म्हटलं, गाठीनं आपल्याकडं असे जादा कॉक बसवून घेतलेले असतात. तिनं तो हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाली, तणाचं पाणी तोडलं की तण वाळतंय न्हवं. मी हसलो. आक्का म्हणजे शेतातच जन्मलेली.

तेव्हापासून ती बोलते कमी. अष्टान्हिकेचे व्रताचे दिवस चालू आहेत. तिनं दिवसाला एक तांब्या पाण्याचा नियम धरला आहे, आणि सूर्य मावळला की तेही बंद, ते तर तिचं आयुष्यभराचं आहे. या वयात, या आजारात एवढी निष्ठा पाहून मला माझीच लाज वाटली. व्रताबद्दल विचारू नये, म्हणून विचारलं नाही.

गोळ्यांनी पोट फार ढाळतं. डोळे आत गेले आहेत. विचारलं की म्हणते, हाय की बरी, पोरीला न्हाय ते कळवू नकोस. तरी कळवतो. काल एक गोष्ट विचारली तिनं. गाठसुद्धा आपल्याच अंगातला जीव, तो तहानेनं मेला तर पाप कुणाला? मंदिरात विचारीन म्हणालो.

दिल्लीहून सुखरूप ये. वाट पाहणारा,
मामा


पुणे
१४ एप्रिल २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं मार्चचं पत्र मी आता वाचलं. दिल्लीहून थेट कोल्हापूरला आले, आईला शेवटचं पोचवून परतले, तेव्हा ते इथं टेबलावर पडलेलं होतं.

आईची गाठ आमच्या अभ्यासात नव्हती. सरांची परवानगी घेऊन, रीतसर सही करून मी तिचा काप मागवला आणि स्वतः रंगवला. मामा, रंग अगदी फिका आहे. दारं थोडीच होती. एका काचेवरून काही ठरत नाही, हे मीच लिहिलं होतं. तरी मी ती काच पुन्हा पुन्हा दिव्याखाली धरते.

ती रोगानं गेली नाही. मूत्रपिंडं बंद पडून गेली. केमो चालू असताना, पोट ढाळत असताना पाणी भरपूर प्यावं, हे एवढं वाक्य मी लिहिलं नाही. ते कुणाला सांगावं लागतं असं वाटलंच नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण तिच्या कानांना ते ऐकू गेलं असेल का?

मला एकच कळवा. ते व्रत होतं का?
ऐश्वर्या


राजारामपुरी, कोल्हापूर
१९ एप्रिल २०२४

चि. ऐश्वर्यास आशीर्वाद.

तू इथं असताना सांगायचं होतं, तोंड उघडलं नाही.

व्रत नव्हतं. अष्टान्हिका संपली तरी तिचा तांब्या एकच राहिला, तेव्हा मी विचारलं. कुणाला सांगू नकोस, गाठीचं पाणी तोडलंय, असं ती हळूच म्हणाली. म्हणजे उरलेली गाठ वाळेल आणि तुला पुन्हा तिच्यासाठी जागावं लागणार नाही, असं तिचं म्हणणं. मी रागावलो, हातापाया पडलो. ती तांब्याला हात लावीना. तुझ्या लिहिण्यावर एवढा विश्वास कुणाचा बसला नसेल. दुसऱ्या दिवशी तिला उचलूनच दवाखान्यात नेलं. हातात सलाईन लावलं, तेव्हाही हे पाणी गाळलंय का, असं नर्सला विचारलं तिनं.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, चमच्यानं पाणी देत राहा. मी घरून गाळून नेलं होतं. ती ओठ उघडीना. मला जवळ बोलावून विचारलं, आता वाळली असंल न्हवं? मी म्हणालो, व्हय आक्का, पार वाळली. आयुष्यात तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. ती हसली आणि तोंड उघडलं. मी चमचा पुढं नेला.

मग तिनं खिडकीकडं पाहिलं. दिवस मावळला होता. तिनं ओठ मिटून घेतले.

ते पाणी मी परत आणून आडात सोडलं.

माझ्यावर राग धर, पण पत्र थांबवू नकोस.
मामा