पंधरा मिनिटं पुढचं ऑफिस

तीर्थरूप मामा,

पाया पडतो, पण निघायच्या दिवशी गाडी माझ्यामुळे चुकली नाही. परवा फोनवर हेच सांगत होतो तर तुम्ही मध्येच ठेवून दिलात, म्हणून आता लिहूनच काढतो. (मामी, चष्मा करायचं त्यांनी अजून मनावर घेतलं नसणार, तेव्हा तूच वाचून दाखवत असशील. कंसातलं मोठ्याने वाचू नकोस.) दुकानात सायकली येताहेत ना दुरुस्तीला? गुडघा काय म्हणतो? मी खुशाल आहे, म्हणजे सोमवारपर्यंत तरी होतो.

तर गाडी. आपलं भिंतीवरचं घड्याळ तुम्ही दहा मिनिटं पुढे ठेवता हे घरात सगळ्यांना पाठ झालं, तसं तुम्ही ते गुपचूप वीस केलंत. मीही काही कच्चा नाही, मी मनातल्या मनात वीस वजा करून निवांत आंघोळीला गेलो. पण आदल्या दिवशी कुणीतरी दया येऊन काटा दहा मिनिटं मागे घेतला होता. कुणी ते मी सांगणार नाही. (तुझं नाव घेतलेलं नाही, बघ.) तेव्हापासून मी उठवळ, मला वेळेचं भान नाही, माझी एकही नोकरी टिकायची नाही, हे तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात. आता या नोकरीचं ऐका, कारण या महिन्यात मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरायचं आहे, आणि ठरवणार आमच्या इंजिनीअर बाई.

इथे एका गार खोलीत कपाटं आहेत आणि कपाटांत राउटर. राउटर म्हणजे निरोप्या समजा, इकडचा निरोप तिकडे पोचवतो आणि कधी पोचवला ते लिहून ठेवतो. त्याच्या पोटात घड्याळ असतं, पण ते आपल्या दुकानातल्या घड्याळासारखंच, हळूहळू भरकटतं. म्हणून धाकटे राउटर मोठ्याला वेळ विचारतात, मोठा बाहेरच्या एका भलत्याच काटेकोर घड्याळाला विचारतो, आणि ऑफिसातली भिंतीवरची घड्याळं अन् हजेरीचं यंत्रसुद्धा त्या मोठ्यालाच विचारतात. घरात जसे सगळे तुम्हाला विचारतात तसं. बाईंनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम मला दिलं. मला वाटलं, कायम व्हायचं तर काहीतरी करून दाखवावं. केलं आपल्या घरचं. मोठ्याला पंधरा मिनिटं पुढे केला. तो बाहेर विचारून पुन्हा जागेवर यायला लागला, तेव्हा त्याचं बाहेर विचारणंच बंद करून टाकलं.

सोमवारी अख्खं ऑफिस उशिरा आलं. बाईसुद्धा, ज्यांना आजवर कधी उशीर झालेला नाही. त्या यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या, मग मनगटाकडे बघितलं, आणि पुन्हा यंत्राकडे. दुपारी पलीकडच्या इमारतीतून फोन, की तुमचे निरोप निघायच्या आधीच आमच्याकडे पोचताहेत. (मी म्हटलं, यात तक्रार कसली?) तेवढ्यात दोन इमारतींमधली लाइन बंद पडली. आधी कुठे बिघडलं हे दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघतात. आमच्या नोंदी पंधरा मिनिटं पुढे, म्हणून बिघाड आधी तिकडे झाला असं दिसलं. तिकडे दोघा जणांनी एक धडधाकट राउटर उघडून त्याचे तुकडे जमिनीवर मांडले. केबल उंदराने कुरतडली होती ती माझ्या टेबलाखाली.

बाईंनी मला बोलावलं. "पुढे का ठेवलंस?"

"कुणाला उशीर होऊ नये म्हणून. आमच्या मामांची पद्धत आहे."

"मग कमी झाला उशीर?"

"नाही बाई. सगळ्यांनाच झाला."

त्यांना हसू येत होतं की राग, ते कळलं नाही. म्हणाल्या, "घड्याळाला फक्त वेळ सांगू दे. माणसांना वळण लावायचं काम त्याला देऊ नकोस." मग माझ्याच हाताने सगळं पूर्ववत करून घेतलं. काटे मागे गेले तशी ऑफिसात तीच पंधरा मिनिटं पुन्हा झाली, आणि ती नेमकी चहाची निघाली, त्यामुळे तिथे तरी लोकांनी मला दुवा दिला.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. बाई म्हणाल्या, कायम करायच्या आधी ज्यांची पद्धत आहे त्यांच्याशीच बोलते. रविवारी बरोबर नऊला तुम्हाला फोन करणार आहेत, आणि एकदाच करणार. नऊ म्हणजे खरे नऊ, मामा. तुमच्या नऊला तुम्ही वाट बघाल, फोन येणार नाही, आणि वैतागून फोन घरातच खिळ्याला टांगून दुकानात निघून जाल. तेवढं करू नका. भाचा कामाचा आहे, एवढंच सांगा. गाडीचं काढू नका.

ता. क. दुसरा (हा सगळाच कंसात धर, मामी). शनिवारीच काटा बरोबर जागेवर आणून ठेव, यातला तुझा हात सराईत आहे. पैसे पाठवतोय, त्यातून त्यांचा चष्मा कर, आणि चष्मा आला की हे पत्र आधी लपव. मोठ्याने वाच: दोन हजार. पाठवलेत: अडीच.