दादांची खुर्ची आणि माझा खांदा

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा एका हाताने नमस्कार (दुसरा झोळीत अडकवलाय, कारण पुढे येतंच). वहिनींचा गुडघा काय म्हणतो? दुकानातली ती जुनी खुर्ची ठेवायची की काढायची, यावरून तुम्ही दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, पण गुडघ्याने कुणाचं काय बिघडवलंय?

तर झालं असं, की शटर ओढताना उजव्या खांद्यात कट्‌कन वाजलं. महिनाभर मलम चोळलं, तरी हात कानाच्या वर जाईना. केस कापताना उंच गिऱ्हाइकाला मान खाली घाल म्हणायचो, तो बिचारा हनुवटी छातीला लावून बसायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, सांध्याच्या खोबणीभोवती कूर्चेची कड असते, ती फाटलीय, दुर्बीण घालून शिवावी लागेल. म्हटलं शिवा, पण पुन्हा कात्री चालवता येईल ना? तर म्हणाले, चार महिन्यांनी बघू. बघू म्हणे! दादा, हात डोक्यापर्यंत गेला नाही, तर मी केस कसले कापणार?

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातले मामा खांद्यावरचे केस काढायला आले. वस्तरा उलटा, कातडी सैल, साबण नावाला! मला राहवेना. वस्तरा घेतला आणि डाव्या हाताने माझं मीच उरकलं (तुम्ही लहानपणी फुग्यावर साबण लावून डाव्या हाताने घोटून घेतलं होतं, ते असं कामी आलं). शेजारच्या खाटेवरच्यानेही दाढीसाठी गाल पुढे केला, तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि दोघांनाही झापलं.

टेबलावर गुंगी चढताना दिसलं, की डॉक्टरांचा एक कल्ला बोटभर खाली आहे. शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच बोललो म्हणे. टाके काढायला गेलो, तर कल्ले सारखे! हात झोळीतून जरासा काढून, कोपर अंगाला चिकटवून एवढं लिहितोय, अक्षर गोड मानून घ्या.

आपला,
धाकटा

ता. क. : दुकान तीन आठवडे बंद आहे. गिऱ्हाइकं कुलूप बघून समोरच्याकडे जातात. चार महिने येऊन उभे राहाल का?

ता. क. २ : शटरचं खोटं होतं. तुमची ती लोखंडी खुर्ची एकट्याने उपटून बाहेर टाकायला गेलो होतो. ती तसूभर हलली नाही, खांदा तेवढा फाटला. चुकलो. या. (पाय धरायला सध्या एकच हात आहे, तेवढ्यावर भागवून घ्या.)